कुशाभाऊ ठाकरे आणि आपला निमाड

पंधरा ऑगस्टला आपल्या बऱ्हाणपुरात दोन वाढदिवस साजरे होतात. एक देशाच्या स्वातंत्र्याचा आणि दुसरा आपल्या जिल्ह्याचा. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडमधून बऱ्हाणपूर वेगळे झाले आणि कामासाठी खंडव्याला घालायचे हेलपाटे थांबले. याच तारखेला तिसराही एक वाढदिवस असतो, पण त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. १५ ऑगस्ट १९२२ रोजी धार येथे कुशाभाऊ ठाकरे यांचा जन्म झाला. आपला जिल्हा झाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. त्यांनी आयुष्यात एकच निवडणूक जिंकली, आणि ती आपल्या खंडवा मतदारसंघातून.

आपल्या मंडळात सगळ्या पक्षांचे लोक आहेत. निवडणुकीच्या दिवसांत जे एकमेकांशी बोलत नाहीत, तेही आरतीच्या वेळी शेजारी उभे राहून टाळ्या वाजवतात. म्हणून हा लेख एखाद्या पक्षाच्या प्रचारासाठी लिहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुशाभाऊ ज्या विचाराचे होते तो आपल्यातल्या अनेकांना मान्य आहे आणि अनेकांना नाही. पण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या एका मराठी माणसाने देशातील उजव्या विचारांच्या पक्षाची बांधणी कशी केली, आणि ती करताना प्रदेशाप्रदेशांतल्या भेदांशी त्याला कसे झगडावे लागले, ही गोष्ट आपण समजून घ्यावी असे आम्हाला वाटते. कारण त्या भेदांच्या रेषेवरच आपले गाव वसलेले आहे.

धार ते नीमच

धार हे पवारांचे संस्थान. देवास पवारांचे, इंदूर होळकरांचे, ग्वाल्हेर शिंद्यांचे. पेशवाईच्या काळात सरदारांबरोबर मराठी कुटुंबे माळव्यात आली आणि तिथलीच झाली. कुणी दफ्तरात कारकून होते, कुणी शिक्षक, वैद्य, वकील. घरात मराठी, बाजारात माळवी, कचेरीत हिंदी, असा त्यांचा रिवाज. अशाच एका घरात सुंदरराव आणि शांताबाई ठाकरे यांच्या पोटी कुशाभाऊंचा जन्म झाला. शिक्षण धार आणि ग्वाल्हेर येथे झाले. १९४२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक झाले. त्यांनी लग्न केले नाही, घर केले नाही, नोकरी धरली नाही. पुढची साठ वर्षे मुक्काम कार्यकर्त्यांच्या घरी नाहीतर पक्षाच्या कार्यालयात, आणि प्रवास रेल्वेने नाहीतर बसने.

सुरुवातीची वर्षे त्यांनी नीमच, मंदसौर, रतलाम अशा माळव्याच्या पट्ट्यात घालवली. हा भाग त्यांच्या कामाला अनुकूल का ठरला, हे पाहिले तर पुढचा सगळा इतिहास उलगडतो. संस्थानांमध्ये काँग्रेसने स्वतःच्या नावाने फार काळ काम केले नव्हते. तिथे प्रजामंडळे होती, आणि त्यांचे बळ इंग्रजी मुलुखातील काँग्रेसइतके नव्हते. ग्वाल्हेरसारख्या संस्थानात हिंदू महासभेला जागा मिळाली होती. नागपूरहून निघालेला संघ मराठी कुटुंबांच्या ओळखीपाळखीतून या गावांत सहज पोचला. म्हणजे इथली जमीन आधीच नांगरलेली होती.

आता आपल्या बाजूला पाहा. बऱ्हाणपूर आणि खंडवा इंग्रजांच्या मध्य प्रांतात होते. इथे काँग्रेस १९२० नंतर घराघरांत गेली. माखनलाल चतुर्वेदी खंडव्याहून कर्मवीर चालवत. रविशंकर शुक्ल, शेठ गोविंददास, द्वारकाप्रसाद मिश्र अशी मंडळी प्रांताच्या राजकारणावर पकड ठेवून होती. प्रांतात निवडणुका झाल्या, मंत्रिमंडळे झाली, त्यामुळे काँग्रेसचा कार्यकर्ता गावच्या पाटलापासून मंत्र्यापर्यंत पोचलेला होता. तिथे दुसऱ्या कुणाला शिरकाव मिळणे अवघड होते.

निमाडचे तर दोन तुकडे होते. पूर्व निमाड म्हणजे खंडवा-बऱ्हाणपूर इंग्रजांकडे, आणि पश्चिम निमाड म्हणजे खरगोन होळकरांकडे. बोली एक, पिके सारखी, लग्नसंबंध एकमेकांत, पण राजकारणाचे वळण वेगळे. नकाशावरच्या जुन्या रेषा पुसल्या तरी माणसांच्या सवयींतून त्या लवकर जात नाहीत, हे निमाडकरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत हे आकड्यांत दिसले. नव्याने निघालेल्या जनसंघाला मध्यभारत राज्यात विधानसभेच्या चार जागा मिळाल्या आणि हिंदू महासभेला अकरा. विंध्य प्रदेशात जनसंघाला दोन जागा मिळाल्या. आणि नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात, म्हणजे आपल्या राज्यात, एकही नाही. ज्या नागपुरात संघाचा जन्म झाला, त्या राज्यातच पक्षाच्या पदरी काही पडले नाही.

चार घरांचे एक घर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आजचे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. आपल्या ज्येष्ठांना तो बदल चांगला आठवतो. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि आपण तापीकाठी राहिलो तिथेच राहिलो. कालपर्यंत राजधानी नागपूर होती, आता ती भोपाळ झाली. रावेर आणि भुसावळचे नातेवाईक दुसऱ्या राज्यातले झाले.

नवे राज्य चार तुकड्यांचे होते. मध्यभारत, विंध्य प्रदेश, भोपाळ, आणि महाकोशल म्हणजे जुन्या मध्य प्रदेशाचा हिंदी भाग, ज्यात छत्तीसगडही आले. कुणाचे मन मोडू नये म्हणून कचेऱ्या वाटून दिल्या गेल्या. सचिवालय भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला आणि त्याची खंडपीठे इंदूर व ग्वाल्हेरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. भाऊ वेगळे झाले की भांडी वाटतात. इथे भाऊ एकत्र आले आणि भांडी वाटावी लागली.

याच सुमारास कुशाभाऊंकडे या नव्या राज्यातील जनसंघाच्या संघटनेची जबाबदारी आली. त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा नव्हता. पक्षाचे म्हणणे असे की देश एक, संस्कृती एक, आणि राज्यव्यवस्थाही शक्यतो एकाच केंद्राची असावी. भाषावार प्रांत पक्षाला मनापासून पटत नव्हते. पण काम करायचे ते चार निरनिराळ्या सवयींच्या मुलुखात. माळव्यात व्यापारी, शेतकरी आणि संघाच्या शाखा असा आधार होता. ग्वाल्हेरकडे राजघराण्याचा शब्द चालत असे. विंध्यात समाजवादी पुढे होते. छत्तीसगडमध्ये आदिवासी भाग, जुने संस्थानिक आणि काँग्रेस. आणि महाकोशलमध्ये काँग्रेसचा भक्कम वाडा.

कुशाभाऊंनी काढलेला मार्ग वेळखाऊ होता. माळव्यात तयार झालेले पूर्णवेळ कार्यकर्ते त्यांनी इतर भागांत पाठवले. त्या माणसाने तिथेच राहायचे, तिथली बोली शिकायची, निवडणूक असो वा नसो गावे फिरायची, आणि हळूहळू तिथल्याच माणसांना पुढे करून आपण मागे व्हायचे. प्यारेलाल खंडेलवाल यांच्यासारखे सहकारी या कामात त्यांच्याबरोबर होते. ज्या पक्षात मोठ्या वक्त्यांना मान होता, तिथे कुशाभाऊंनी वही, बसचे वेळापत्रक आणि कार्यकर्त्यांची नावे यांवर भर दिला.

आकडे सावकाश वाढले. १९५७ मध्ये विधानसभेत दहा जागा मिळाल्या. मंदसौर जिल्ह्यातून वीरेंद्रकुमार सखलेचा आणि सुंदरलाल पटवा याच वेळी पहिल्यांदा निवडून आले. १९६२ मध्ये एकेचाळीस जागा, आणि १९६७ मध्ये अठ्ठ्याहत्तर.

आपल्या शेजारी खान्देशात त्याच १९५७ साली काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. जनसंघाला देशभरात लोकसभेच्या चारच जागा मिळाल्या. दोन उत्तर प्रदेशात आणि दोन मुंबई राज्यात. त्या दोन म्हणजे रत्नागिरी आणि आपल्याजवळचे धुळे. धुळ्याहून उत्तमराव पाटील निवडून आले. का? तर महाराष्ट्रात पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाला होता. भाषावार राज्याला तत्त्वतः नाखूष असलेला पक्ष भाषावार राज्याच्या आंदोलनावर बसून लोकसभेत गेला. यात कुणी ढोंग पाहील. आम्हाला त्यात एक साधी गोष्ट दिसते. राष्ट्राची भाषा बोलणाऱ्या पक्षालाही मते गावाकडूनच मागावी लागतात, आणि गाव आधी आपले गाऱ्हाणे सांगते.

राजमाता आणि संघटना

१९६७ साल मध्य प्रदेशाच्या राजकारणाला कलाटणी देणारे ठरले. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी बिनसल्याने काँग्रेसमधून बाहेर पडल्या. एकाच वेळी त्या विधानसभेसाठी जनसंघातर्फे आणि लोकसभेसाठी स्वतंत्र पक्षातर्फे उभ्या राहिल्या आणि दोन्हीकडे निवडून आल्या. काँग्रेसला १६७ जागा मिळून तिचे सरकार आले, पण काही महिन्यांतच छत्तीस आमदार फुटले आणि जुलैमध्ये मिश्र यांना जावे लागले.

नव्या संयुक्त विधायक दलाचे मुख्यमंत्री झाले गोविंदनारायण सिंह. ते विंध्याचे, मूळचे काँग्रेसचे. उपमुख्यमंत्री जनसंघाचे सखलेचा, माळव्याचे. आणि सगळ्यांच्या डोक्यावर ग्वाल्हेरचा हात. म्हणजे हे सरकार विचारांच्या एकीवर उभे नव्हते. जबलपूर-रायपूरच्या नेत्यांनी चालवलेल्या काँग्रेसविरुद्ध ग्वाल्हेर, माळवा आणि विंध्य यांची नाराजी एकत्र आली, आणि त्या नाराजीवर ते उभे राहिले. मार्च १९६९ मध्ये गोविंदनारायण सिंहांनी राजीनामा दिला आणि तेही काँग्रेसमध्ये परतले.

या काळात पक्षात दोन प्रवाह आले. एक कुशाभाऊंचा, वर्षानुवर्षे घाम गाळून उभा केलेला. दुसरा राजघराण्यांचा, एका शब्दाने मतांची गंगा आणणारा. चंबळच्या भागात राजमातांमुळे जे एका निवडणुकीत मिळाले, ते संघटनेला तिथे वीस वर्षांत मिळाले नसते. पण राजवाड्याची मते राजवाड्याबरोबर जातात, हीही धास्ती होतीच. कुशाभाऊंनी दोन्ही प्रवाह एका नदीत ठेवले. राजमातांचा मान राखला आणि पक्षाची किल्ली कार्यालयातच ठेवली. १९७१ च्या इंदिरा लाटेत जनसंघाला देशभरात लोकसभेच्या बावीस जागा मिळाल्या, त्यांतल्या अकरा मध्य प्रदेशातल्या होत्या. अर्धा पक्ष एकाच राज्यातला.

ही ताकद होती आणि अडचणही होती. जो पक्ष स्वतःला सगळ्या देशाचा म्हणवत होता, तो प्रत्यक्षात हिंदी मुलुखाच्या काही पट्ट्यांचाच होता. दक्षिणेत आणि पूर्वेत त्याला कुणी विचारत नव्हते. १९६७ पासून कुशाभाऊ पक्षाचे अखिल भारतीय मंत्री होते, आणि आता तोच चार घरांचा प्रश्न देशाच्या मापाने त्यांच्यापुढे आला.

खंडव्याची पोटनिवडणूक

आणीबाणीत कुशाभाऊ एकोणीस महिने तुरुंगात होते. १९७७ मध्ये जनता पक्षाची लाट आली. मध्य प्रदेशात ३२० पैकी २३० जागा जनता पक्षाला मिळाल्या आणि जुने जनसंघवाले पहिल्यांदा मुख्यमंत्रिपदी बसले. पावणेतीन वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले. कैलाश जोशी देवास जिल्ह्याचे, सखलेचा मंदसौर जिल्ह्याचे, पटवाही मंदसौर जिल्ह्याचे. तिघेही माळव्याचे! राज्यभर पसरलेला पक्ष सत्तेच्या खुर्चीपाशी आला की पुन्हा आपल्या जुन्या अंगणात शिरत होता. महाकोशल आणि छत्तीसगडच्या लोकांना हे दिसत नव्हते असे नाही.

खंडव्यातून १९७७ मध्ये आपल्या बऱ्हाणपूरचे परमानंद गोविंदजीवाला जनता पक्षातर्फे लोकसभेत गेले होते. आपल्या गावातल्या ज्या सभागृहात आपले नाट्यप्रयोग आणि संमेलने होतात, त्याला त्यांचेच नाव आहे. त्यांच्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेसाठी १९७९ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि पक्षाने कुशाभाऊंना उभे केले. सदतीस वर्षे इतरांना निवडून आणणारा माणूस स्वतःसाठी मते मागायला आला, तो धारहून निघून आपल्या निमाडात.

आमच्यातल्या ज्येष्ठांपैकी काहींनी तेव्हा त्यांना मत दिले, काहींनी दिले नाही. मराठी उमेदवार म्हणून आपल्या घरांत कौतुक होते, पण फक्त तेवढ्यावर निवडणूक निघत नाही. आपला मतदारसंघ म्हणजे केळीचे मळे, यंत्रमागांचा खडखडाट, नेपानगरची कागद गिरणी आणि कोरकूंचे पाडे. इथे निमाडी आहे, मराठी आहे, उर्दू आणि गुजराती आहे. आपल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. अशा गावात एका संस्कृतीची भाषा बोलणाऱ्याला आधी इथल्या माणसांचे ऐकून घ्यावे लागते. कुशाभाऊ जिंकले. होळकर-पवारांच्या मध्यभारतातला माणूस जुन्या मध्य प्रांताच्या जागेवर निवडून आला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण खासदारकी काही महिन्यांचीच ठरली. जनता पक्ष फुटला, ऑगस्ट १९७९ मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि जानेवारी १९८० मध्ये पुन्हा निवडणूक लागली. या वेळी कुशाभाऊ हरले. निवडून आले ते काँग्रेसचे ठाकूर शिवकुमार सिंह, आपल्याच भागातले, ज्यांच्या घराण्याचे नाव आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याला आहे. सहकार, ऊस, पाणी आणि गावकीचे जाळे, हे राजकारण माळव्यापेक्षा खान्देशाच्या जवळचे होते. इंदिरा गांधींची लाट तर होतीच, पण ती उतरल्यावरही निमाडचा स्वभाव निमाडचाच राहिला. गाव करी ते राव न करी म्हणतात, तसे झाले. ज्या मतदारांनी एका वर्षी दिले, त्यांनीच पुढच्या वर्षी काढून घेतले.

कुशाभाऊंचा हा पराभव आम्हाला त्यांच्या विजयापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. बाहेरून येऊन एकदा जिंकता येते. मुळे धरायची तर मातीतलाच माणूस लागतो. पुढे ही जागा कधी या पक्षाकडे, कधी त्या पक्षाकडे गेली. भाजपचा पाय इथे टिकला तो १९९६ पासून, आपल्या शाहपूरचे नंदकुमारसिंह चौहान निवडून येऊ लागल्यावर. माणूस पाठवायचा आणि मग स्थानिकाला पुढे करून मागे व्हायचे, ही जी रीत कुशाभाऊंनी इतरांना लावून दिली होती, ती त्यांच्या स्वतःच्या जागेलाही लागू पडली.

दोन जागांचे दोन पक्ष

एप्रिल १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली. १९८४ मध्ये या पक्षाला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, एक गुजरातेत आणि एक आंध्रात. ज्या मध्य प्रदेशाने १९७१ मध्ये अर्धा पक्ष सांभाळला होता, तिथे चाळीसपैकी चाळीस जागा काँग्रेसने नेल्या. जुने अंगणही गेले.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज टोरांटोकडे आहेत, म्हणून तिथले एक उदाहरण देतो. कॅनडाच्या जुन्या प्रागतिक परंपरावादी पक्षाची १९९३ मध्ये अशीच गत झाली. सत्तेत असलेला पक्ष दोन जागांवर आला. तिथे कारण प्रादेशिक होते. आपले कुणी ऐकत नाही म्हणून पश्चिमेकडच्या अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या लोकांनी रिफॉर्म हा वेगळा पक्ष काढला होता आणि त्याने बावन्न जागा जिंकल्या. पूर्वेचे आणि पश्चिमेचे उजवे एकमेकांची मते खात राहिले आणि दहा वर्षे सत्तेबाहेर बसले. शेवटी डिसेंबर २००३ मध्ये दोन्ही एकत्र आले.

आपल्याकडे उजव्या विचारांच्या मुख्य पक्षाचे असे उभे तुकडे प्रदेशावरून झाले नाहीत. भेद कमी होते म्हणून असे नव्हे, आपले भेद त्यांच्यापेक्षा किती तरी जास्त. पण पक्षाच्या आत कुशाभाऊंसारखी माणसे होती, जी सतत एका भागातून दुसऱ्या भागात फिरत होती आणि रागावलेल्याला घराबाहेर पडू देत नव्हती. छत्तीसगडमध्ये लखीराम अगरवाल यांच्यासारखी स्थानिक माणसे उभी राहिली आणि १९९० मध्ये अगरवाल सगळ्या राज्याचे पक्षाध्यक्ष झाले. त्याच वर्षी विधानसभेत ३२० पैकी २२० जागा मिळाल्या. मुख्यमंत्री मात्र पुन्हा माळव्याचे पटवाच.

हा विजयही टिकला नाही. ६ डिसेंबर १९९२ च्या अयोध्येच्या घटनेनंतर पटवा सरकार बरखास्त झाले. त्या दिवसांत देशातल्या अनेक गावांची शेजारधर्माची घडी विस्कटली, आणि त्याची सल आजही आहे. या पक्षाच्या वाटचालीचा हा भाग वगळून कुशाभाऊंचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९३ च्या निवडणुकीत पक्ष ११७ जागांवर आला आणि काँग्रेस सत्तेत परतली.

अध्यक्षपद

१९९८ मध्ये केंद्रात अटलबिहारी वाजपेयींचे सरकार आले आणि पंचाहत्तरीच्या कुशाभाऊंकडे पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्षपद आले. जन्मभर पडद्यामागे राहिलेला माणूस आता रोज वर्तमानपत्रांत दिसू लागला. भाषण हे त्यांचे बलस्थान कधीच नव्हते. ते काम इतरांचे होते.

पक्षाकडे १८२ जागा होत्या आणि बहुमताला नव्वद कमी पडत होत्या. त्या आल्या कुठून? तमिळनाडू, बंगाल, ओडिशा, पंजाब, बिहार आणि महाराष्ट्र येथील प्रादेशिक पक्षांकडून. त्यांनी आपापली किंमत मागितली. अयोध्येचे मंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा, पक्षाची ही तीन जुनी आश्वासने आघाडीच्या कार्यक्रमातून बाजूला ठेवावी लागली. एप्रिल १९९९ मध्ये तमिळनाडूतल्या एका पक्षाने पाठिंबा काढला आणि सरकार एका मताने पडले. पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा आघाडी आली. डिसेंबर १९९९ मध्ये पक्षाच्या चेन्नईच्या बैठकीत आघाडीच्या कार्यक्रमाखेरीज आपला वेगळा कार्यक्रम नाही, अशी भूमिका घेतली गेली. त्या वेळी अध्यक्ष कुशाभाऊ होते.

कडव्या कार्यकर्त्यांना हे रुचले नाही, आणि त्यांना समजावण्याचे काम अध्यक्षांच्या वाट्याला आले. साठ वर्षे एका विचाराला वाहिलेल्या माणसाला तो विचार थोडा गुंडाळून ठेवा असे आपल्याच लोकांना सांगावे लागले. कुशाभाऊंनी ते केले. चार तुकड्यांच्या मध्य प्रदेशात जे ते शिकले होते, तेच आता देशाच्या पातळीवर वापरायचे होते. प्रदेशाला बरोबर घ्यायचे तर त्याला काही द्यावे लागते, आणि दिल्यावर आपणही पहिल्यासारखे राहत नाही.

या दोन वर्षांतच त्यांना घरचा धक्काही बसला. नोव्हेंबर १९९८ च्या विधानसभा निवडणुकीत कांद्याच्या भावाने सगळीकडे रडवले आणि मध्य प्रदेशात काँग्रेस १७२ जागा घेऊन परत आली. पक्षाला ११९ मिळाल्या. देशाचा अध्यक्ष स्वतःच्या राज्यात हरला.

ऑगस्ट २००० मध्ये कुशाभाऊ अध्यक्षपदावरून उतरले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे झाले आणि पाठोपाठ उत्तरांचल आणि झारखंड ही राज्ये झाली. एकाच केंद्राची भाषा बोलत निघालेल्या पक्षाच्या सरकारने एका महिन्यात तीन नवी राज्ये केली. १९५६ मध्ये कुशाभाऊंनी जे चार घरांचे घर जोडायला घेतले होते, त्यातले एक घर त्यांच्याच पक्षाच्या हातून वेगळे झाले.

शेवटचे वर्ष

२००३ साली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मध्य प्रदेश विधानसभेचा निकाल लागला. २३० पैकी १७३ जागा भाजपला मिळाल्या. ८ डिसेंबरला उमा भारती मुख्यमंत्री झाल्या. त्या टीकमगडच्या, म्हणजे बुंदेलखंडच्या, जुन्या विंध्य प्रदेशाच्या. जनसंघाच्या काळापासून या पक्षाचे जितके मुख्यमंत्री राज्याला मिळाले होते ते सगळे माळव्याचे होते. ती साखळी पहिल्यांदा तुटली. त्यानंतर वीस दिवसांनी, २८ डिसेंबर २००३ रोजी, दिल्लीत कुशाभाऊंचे निधन झाले. मागे संपत्ती नव्हती, कुटुंब नव्हते. आज रायपूरच्या पत्रकारिता विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि भोपाळच्या जुन्या मिंटो हॉललाही.

त्यांच्या विचाराशी सहमत होणे न होणे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही मात्र त्यांच्याकडे आपल्यातलाच एक म्हणून पाहतो. आपल्या पूर्वजांनीही घरची भाषा सांभाळली आणि बाहेरच्या भाषेत संसार उभा केला. आपणही रेषेवर राहणारी माणसे. खान्देशाला आपण मध्य प्रदेशातले वाटतो आणि भोपाळला महाराष्ट्रातले. अशा माणसाला दोन्हीकडचे ऐकू येते. कुशाभाऊंना ते ऐकू येत होते, म्हणून त्यांना पक्ष जोडता आला. आणि जिथे ऐकण्यात कमी पडले, तिथे निमाडने त्यांना हरवले.

पुढच्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून आणि जिल्ह्याच्या वाढदिवसाचा पेढा खाऊन घरी परतताना, धारहून आलेल्या या आपल्या एके काळच्या खासदाराचीही आठवण काढू या. गणपती बाप्पा मोरया!